चाइल्ड फॉर्टीफोर आणि रोस्तोवचा खरा तपास

ज्या देशात खून होतच नाहीत असं सरकारनंच ठरवून टाकलंय, त्या देशात खुनाचा तपास करणाऱ्या माणसानं करायचं तरी काय? टॉम रॉब स्मिथ या ब्रिटिश लेखकाच्या 'चाइल्ड फॉर्टीफोर' या कादंबरीचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे. २००८ साली आली. लेखकाची पहिलीच कादंबरी, आणि तेव्हा पठ्ठ्या तिशीच्या आत! (त्याच वयात आम्ही दुसऱ्यांच्या कोडमधले नल पॉइंटर शोधतोय. असो.) त्या वर्षी ती बुकरच्या लाँगलिस्टमध्ये होती, थ्रिलरसाठी दिला जाणारा इयान फ्लेमिंग स्टील डॅगरही तिला मिळाला.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट सांगत नाही. साल १९५३, मॉस्को. लिओ देमिदोव हा एमजीबीचा, म्हणजे गुप्त पोलीस खात्याचा अधिकारी. युद्धातला हिरो, पक्का निष्ठावंत. त्याच्या हाताखालच्या माणसाचा लहान मुलगा रेल्वे रुळांजवळ मेलेला सापडतो. घरचे म्हणतात खून झालाय. लिओला पाठवतात ते तपास करायला नव्हे, तर हा अपघातच होता हे त्या घरच्यांना 'समजावून' सांगायला. आणि तो इमानेइतबारे समजावतो. पुढे त्याच्यावरच शेकतं, बायकोसकट त्याला दूरच्या एका गावात साध्या मिलिशियात, म्हणजे नेहमीच्या पोलिसांत पाठवलं जातं आणि तिथे तशीच दुसरी केस समोर येते. मग तिसरी. मग रेल्वेलाईनच्या कडेकडेनं सापडलेल्या मुलांची यादी लांबतच जाते, आणि दर ठिकाणी कुणीतरी एक वेडा, एक दारुडा किंवा एक समलिंगी माणूस पकडून केस बंद केलेली असते.

वाचताना वाटतं की लेखकानं जरा जास्तच ताणलंय. चव्वेचाळीस मुलं? आणि कुणालाच पत्ता नाही? पण गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की खरी केस यापेक्षा मोठी आहे. ती १९५३ मध्ये नव्हे, तर १९७८ ते १९९० मध्ये घडली. स्टालिन जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, ब्रेझनेव्हपासून गोर्बाचेव्हपर्यंत चार सरचिटणीस झाले, आणि तेवढा सगळा वेळ एक माणूस दक्षिण रशियातल्या रोस्तोव प्रांतात लोकल गाड्यांनी फिरून बायका आणि मुलं मारत होता. आंद्रेइ चिकातिलो. न्यायालयानं त्याला ५२ खुनांसाठी दोषी ठरवलं. त्यानं स्वतः कबूल केले ते ५६.

आता या केसवर इंटरनेटवर ढीगभर मजकूर आहे आणि त्यातला नव्वद टक्के मजकूर खुन्याच्या डोक्यात काय चाललं होतं याच्या चविष्ट वर्णनांचा आहे. मला त्यात रस नाही. मला पडलेला प्रश्न आमच्या धंद्यातला आहे. १९८४ साली हा माणूस संशयास्पद वागताना पकडला गेला, त्याच्या बॅगेत सुरी आणि दोरी सापडली, आणि तरीही तो सुटला. सिस्टिमनं बरोबर माणूस पकडून 'हा नव्हे' असा शेरा मारला. असं कसं होतं?

पण आधी १९७८.

रोस्तोवपासून जवळ शाख्ती नावाचं गाव आहे. 'शाख्ती' म्हणजेच खाणी, कोळशाच्या खाणींचं गाव. २२ डिसेंबर १९७८ ला तिथे एका नऊ वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि तिचा मृतदेह नदीत सापडला. चिकातिलो तेव्हा शिक्षक होता. गावाच्या एका टोकाला त्यानं घरच्यांना न सांगता एक पडकं घर घेऊन ठेवलं होतं. त्या घरासमोर बर्फात रक्ताचे डाग मिळाले. मुलीला बसस्टॉपवर एका माणसाशी बोलताना पाहिलेली साक्षीदार बाई होती, तिच्या सांगण्यावरून चित्रही काढलं गेलं. चिकातिलोची चौकशीसुद्धा झाली. पण बायकोनं सांगितलं, ते त्या संध्याकाळी घरीच होते. विषय संपला.

कारण तोपर्यंत पोलिसांना दुसरा माणूस मिळाला होता. अलेक्सांद्र क्रावचेंको, वय पंचवीस, तिथेच जवळपास राहणारा. त्याचा भूतकाळ वाईट होता. अल्पवयीन असताना त्यानं एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून केला होता आणि शिक्षा भोगून तो बाहेर आला होता. म्हणजे पोलिसांच्या दृष्टीनं एकदम परफेक्ट मॅच. अडचण एकच होती. तो त्या संध्याकाळी आपल्या बायकोबरोबर घरी होता आणि तिची एक मैत्रीणही तिथे होती. दोघी तसं सांगत होत्या. मग त्या दोघींवर दबाव आणला गेला, बायकोला तूही गुन्ह्यात सामील आहेस अशी धमकी दिली गेली, आणि जबान्या बदलल्या. त्यानंतर क्रावचेंकोनंही कबुली दिली. कोर्टात त्यानं ती नाकारली, पण तोवर उशीर झाला होता.

इथे जरा थांबा. दोन नवरे, दोन बायका, दोघींचं म्हणणं एकच, 'ते घरी होते.' एकीचं म्हणणं पोलिसांनी प्रश्न न विचारता मानलं कारण नवरा शिक्षक होता, पक्षाचा सभासद होता, दोन मुलांचा बाप होता. दुसरीचं म्हणणं मोडून काढलं कारण नवरा जुना गुन्हेगार. खरं बोलत होती ती दुसरी.

क्रावचेंकोला मृत्युदंड झाला, मग तो कमी करून पंधरा वर्षं झाली, मग मुलीच्या नातेवाईकांनी दाद मागितल्यावर पुन्हा खटला चालून पुन्हा मृत्युदंड झाला. १९८३ साली त्याला गोळी घातली गेली. नातेवाईकांना मी दोष देणार नाही. त्यांना सांगितलं गेलं होतं की खुनी सापडलाय.

१९८१ मध्ये चिकातिलोची शिक्षकाची नोकरी गेली. मुलांशी चाळे करतो अशा तक्रारी आधीपासून होत्या, पण प्रत्येक शाळेनं त्या गावभर होऊ न देता त्याला शांतपणे निरोप दिला, आणि तो पुढच्या शाळेत गेला. आता त्याला मिळालेली नोकरी म्हणजे एका कारखान्याचा माल पुरवठा कारकून. सोव्हिएत व्यवस्थेत हे काम फार महत्त्वाचं. तिथे बाजार नव्हता, योजना होती. आणि योजनेत लिहिलेला माल वेळेवर कधीच यायचा नाही. म्हणून प्रत्येक कारखाना एक माणूस ठेवायचा, जो गावोगाव फिरून, हातापाया पडून, ओळखी काढून नट-बोल्ट आणि पत्रे मिळवून आणायचा. म्हणजे केंद्रीय नियोजनाचा हा पॅचच म्हणा ना. स्मिथनं कादंबरीत हे बरोबर उचललंय, त्याच्याही खुन्याला असंच फिरतीचं काम आहे. अशा माणसाला फिरण्याचं अधिकृत कारण असतं, शिक्का मारलेला प्रवासाचा कागद असतो, आणि तो अमुक दिवशी अमुक ठिकाणी का होता हे कुणी विचारत नाही.

फिरायचं कशानं? तर एलेक्त्रिच्कानं. म्हणजे विजेवर चालणारी लोकल. मुंबईच्या लोकलसारखी गर्दी नाही, लांब अंतरं, मध्येच रानात एखादं चिमुकलं स्टेशन. स्टेशनला लागून शेत आणि शेताच्या कडेला झाडांचे अरुंद पट्टे. या पट्ट्यांना रशियनमध्ये 'लेसोपोलोसा' म्हणतात. तो भाग गवताळ मैदानांचा, तिथे वारा माती उडवून नेतो, तो अडवायला ही झाडं लावलेली. स्टालिननं १९४८ मध्ये निसर्ग बदलून टाकण्याची एक महायोजनाच जाहीर केली होती, तिच्यात अशा पट्ट्यांची प्रचंड लागवड ठरली होती. स्टेशनवर एखादं घरातून पळालेलं पोर गाठायचं, च्युइंगगम किंवा जेवणाचं आमिष दाखवायचं, आणि शॉर्टकट म्हणून त्या झाडीत न्यायचं. बहुतेक मृतदेह अशाच ठिकाणी मिळाल्यामुळे पुढे सगळ्या तपासालाच 'लेसोपोलोसा' हे नाव पडलं.

१९८३ च्या सुरुवातीला हा तपास व्हिक्तर बुराकोव या माणसाकडे आला. मूळचा फोरेन्सिकमधला, बोटांचे ठसे, पावलांचे ठसे वगैरे तज्ज्ञ. त्याचं म्हणणं सुरुवातीपासून हेच होतं की हे सगळे खून एकाच माणसाचे आहेत. वरच्यांना ते पटेना. त्यांच्या मते हे एका टोळीचं काम होतं, किंवा वेड्यांचं. मग वेडेच पकडले गेले. मतिमंद मुलांच्या एका संस्थेतली पोरं उचलली गेली, त्यांनी खून कबूल केले, एकामागून एक. दरोडेखोरानं माल काढून द्यावा तसे ते कबुल्या काढून देत होते. फक्त एक अडचण होती, पोरं कोठडीत असताना बाहेर खून चालूच होते. कुठल्याही टेस्टरला विचारा, ज्या बगचं कारण सापडलं म्हणून तुम्ही टिकेट बंद केलंय तो दुसऱ्या दिवशी परत दिसला तर काय करायचं असतं? टिकेट पुन्हा उघडायचं असतं. रोस्तोवमध्ये काय केलं, तर आणखी पोरं उचलली.

समलिंगी माणसांचे हाल तर विचारू नका. तो तेव्हा तिथे गुन्हाच होता. शेकड्यांनी लोकांची नावं काढून चौकशा झाल्या, काहींनी आत्महत्या केल्या. कादंबरीतला हा भाग अतिशयोक्त वाटला असेल तर तो तसा नाही हे इथे नोंदवून ठेवतो. आणि या सगळ्या झाडाझडतीत हजाराहून जास्त दुसरेच गुन्हे उघडकीला आले, त्यात खून आणि बलात्कारही होते. म्हणजे गुन्हेच नसलेल्या देशात जाळं टाकलं तर मासे इतके की जाळं ओढवेना. ज्या माशासाठी टाकलं होतं तेवढाच सापडला नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शांतता. वर्तमानपत्रांत एक ओळ नाही. सीरियल किलर हा भांडवलशाहीचा रोग, आपल्याकडे तो असूच शकत नाही, असा अधिकृत सूर. त्यामुळे आईबापांना इशारा नाही, शाळांना सूचना नाही, स्टेशनवर भिंतीला चिकटवलेलं चित्र नाही. लोकांना काहीतरी चाललंय एवढं कळत होतं, मग अफवा पिकल्या. माणसाचा लांडगा होतोय, परदेशी लोक मुलांचे अवयव नेतायत, वगैरे.

हे वाचताना आपल्याकडचा रामन राघव आठवल्याशिवाय राहत नाही. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत त्यानं असाच धुमाकूळ घातला होता. तिथे उलट चित्र होतं. पेपरांत रोज बातम्या, लोक काठ्या घेऊन रात्रभर जागे, संशय आला की दिसेल त्याला मार. तीही तऱ्हा काही चांगली नव्हे. पण लोक सावध होते आणि पोलिसांपाशी त्याचा जुना फोटो होता, त्यावरून ॲलेक्स फियाल्हो या सब-इन्स्पेक्टरनं त्याला ऑगस्ट १९६८ मध्ये रस्त्यात ओळखून पकडलं. विशेष म्हणजे रामन राघवही आधी एकदा संशयावरून हातात आला होता आणि पुराव्याअभावी सुटला होता. तेव्हा एकदा पकडून सोडलेला खुनी ही काही केवळ सोव्हिएत खासियत नाही. फरक त्यानंतर काय होतं याचा आहे.

आता १९८४ ची ती रात्र. अलेक्सांद्र झानोसोवस्की नावाचा एक इन्स्पेक्टर रोस्तोवच्या बसस्थानकावर साध्या वेशात नजर ठेवून होता. तिथे त्याला एक चष्मेवाला, टाय लावलेला, हातात ब्रीफकेस घेतलेला माणूस एका तरुण मुलीशी बोलून झालं की दुसरीकडे, तिथून तिसरीकडे जाताना दिसला. आधीही एकदा त्यानं या माणसाला हटकलं होतं. आता त्यानं ठरवलं, बघू तरी. रात्रभर त्यानं त्याचा पाठलाग केला, बस, ट्राम, स्टेशन, परत बस. माणूस कुठेच जात नव्हता, नुसता फिरत होता आणि बायकांशी बोलायचा प्रयत्न करत होता. सकाळी बाजारात त्याला पकडलं. ब्रीफकेसमध्ये सुरी, दोरी आणि व्हॅसलिनची बाटली. कुठला कारकून हे घेऊन फिरतो?

सप्टेंबर १९८४. नाव आंद्रेइ रोमानोविच चिकातिलो. चौकशीत हेही कळलं की एका जुन्या केसमध्ये याला विचारलं होतं. मग त्याचं रक्त तपासलं. गट आला ए. आणि मृतदेहांवर मिळालेल्या वीर्याच्या नमुन्यांवरून खुन्याचा गट ठरला होता एबी.

संपलं. हा नव्हे.

हे जरा नीट समजून घेऊ कारण सगळी केस इथे अडकलीय. ए, बी, एबी, ओ हे गट म्हणजे पेशींवरच्या काही विशिष्ट पदार्थांच्या खुणा. ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोकांमध्ये या खुणा लाळ, वीर्य अशा स्रावांतही उतरतात. त्यामुळे डीएनए चाचणी येण्याआधी जगभरचे पोलीस वीर्यावरून रक्तगट काढत. पद्धत चुकीची नव्हती. पण ती वगळण्यासाठी वापरायची तर नमुना स्वच्छ पाहिजे. रोस्तोवचे नमुने कसे, तर दिवसच्या दिवस, कधी आठवडेच्या आठवडे उघड्यावर पडलेल्या मृतदेहांवरचे. अशा नमुन्यात जिवाणूंमुळेही बी गटासारखी प्रतिक्रिया येऊ शकते, मृताचं स्वतःचं रक्त मिसळू शकतं. म्हणजे ए चा एबी व्हायला फार काही लागत नाही. आता तुम्ही एबी ही अट फिल्टरमध्ये पहिल्याच पायरीवर टाकलीत, तर पुढे कितीही हजार लोक तपासा, खरा माणूस दर वेळी पहिल्याच चाळणीला गळणार. आणि तसंच झालं. त्याच्या नावाचं कार्ड तयार झालं, त्यावर रक्तगट लिहिला गेला आणि ते कार्ड 'तपासून झालेले' या गठ्ठ्यात गेलं. फॉल्स पॉझिटिव्ह निदान ओरडतो तरी. फॉल्स निगेटिव्ह कपाटात गप्प पडून असतो.

चिकातिलोला अगदीच सोडला नाही, हेही सांगतो. जुन्या कारखान्यातल्या बॅटरीच्या चोरीची एक किरकोळ केस त्याच्यावर होती, तिच्यात वर्षाची शिक्षा झाली, पक्षातून काढलं. तीनेक महिन्यांत, डिसेंबर १९८४ मध्ये तो बाहेर आला. त्यानंतर त्यानं आणखी विसाच्या आसपास माणसं मारली.

इथे मला कादंबरीबद्दल एक तक्रार आहे. स्मिथनं गोष्ट मागे नेऊन १९५३ मध्ये ठेवली, कारण तिथे भीती आयती मिळते. रात्री दार वाजणं, शेजाऱ्यानं चुगली करणं, खुनाचा संशय बोलून दाखवला म्हणून गुलागमध्ये जाणं. थ्रिलरला ते झकास मानवतं, पानं भराभर उलटतात. सुरुवातीचा युक्रेनमधल्या १९३३ च्या दुष्काळाचा भाग तर अंगावर येतो, आणि त्याला खरा आधारही आहे. चिकातिलोचा जन्म १९३६ चा, युक्रेनमधल्या एका खेड्यातला, आणि त्याची आई त्याला सांगायची की तुझ्या थोरल्या भावाला त्या दुष्काळात लोकांनी खाल्लं. असा भाऊ खरंच होता याची कुठे नोंद मिळालेली नाही, पण मुलाला ती गोष्ट ऐकवत वाढवलं हे खरं. हे सगळं मान्य. पण मागे नेल्यामुळे होतं काय की दोष सगळा स्टालिनच्या माथी जातो आणि वाचणारा सुटतो. खऱ्या केसमध्ये १९८४ साली कुणी राक्षस नव्हता हो! प्रयोगशाळेत अहवाल लिहिणारी माणसं होती, अहवाल खरा मानणारे अधिकारी होते, आकडा चुकलेला असू शकतो असं म्हणायला जो तो कचरत होता. मला १९५३ पेक्षा हे १९८४ जास्त भीतीदायक वाटतं, कारण ही ऑफिसं मला ओळखीची वाटतात.

रशियन सरकारला मात्र १९५३ च झोंबलं. २०१५ मध्ये या कादंबरीवरचा सिनेमा आला (टॉम हार्डी, गॅरी ओल्डमन वगैरे मंडळी असूनही तो यथातथाच आहे), तेव्हा इतिहासाचा विपर्यास केला असं कारण देऊन तो रशियात प्रदर्शित होण्याच्या आदल्या दिवसांत मागे घेतला गेला. खऱ्या केसवरचा सिनेमा पाहायचा असेल तर १९९५ चा 'सिटिझन एक्स' पाहा. तो बुराकोवच्या बाजूनं आहे, स्वस्तात केलेला टीव्ही सिनेमा आहे, आणि कितीतरी चांगला आहे.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोजवळ, दोमोदेदोवो विमानतळाच्या परिसरात तशाच पद्धतीनं एक खून झाला. तपासपथकाला वाटलं, सापडला! रोस्तोवचा माणूस मॉस्कोला आलाय, विमानतळाजवळ खून झालाय, म्हणजे विमानानं आला असणार. हातानं लिहिलेली तिकिटं एकेक करून चाळली गेली. किती माणसांचे किती दिवस त्यात गेले असतील, कल्पना करा. चिकातिलो कामासाठी मॉस्कोला खरंच आला होता. पण ट्रेननं. डेटा होता, मेहनत होती, क्वेरी चुकीच्या टेबलवर लावली होती. १९८७ मध्ये त्यानं फिरतीवर असताना उरालमध्ये, युक्रेनमध्ये आणि लेनिनग्राडमध्ये खून केले. तिथल्या पोलिसांना रोस्तोवबद्दल माहीत नव्हतं आणि रोस्तोवला त्यांच्याबद्दल.

१९८५ च्या शेवटाला मॉस्कोहून इसा कोस्तोयेव हा ज्येष्ठ अभियोक्ता वर येऊन बसला. बुराकोव आणि तो यांच्यात श्रेय कुणाचं यावरून पुढे बराच धुरळा उडाला, त्यात मी पडत नाही. बुराकोवला १९८६ मध्ये ताण सहन न होऊन काही काळ रुग्णालयात राहावं लागलं एवढं सांगितलं म्हणजे पुरे. त्यानं केलेली सर्वांत शहाणी गोष्ट ही की तो एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. रोस्तोवचेच अलेक्सांद्र बुखानोवस्की. बाकीच्या डॉक्टरांनी माहिती तोकडी आहे म्हणून हात वर केले होते. यांनी ६५ पानांचं टिपण लिहून दिलं. ४५ ते ५० वयाचा, बुद्धीनं साधारण, बहुधा लग्न झालेला, मुलंबाळं असलेला, लैंगिकदृष्ट्या दुबळा, बालपण एकाकी आणि दुःखाचं. खून आठवड्याच्या कामाच्या दिवसांत आणि गाड्यांच्या मार्गावर होतात, त्याअर्थी नोकरी फिरतीची. थोडक्यात वेडा नव्हे, शेजारी राहणारा माणूस. सोव्हिएत देशात सीरियल किलरच्या तपासात असं पहिल्यांदाच झालं.

१९८८ मध्ये आरोग्य खात्याकडून कळवण्यात आलं की क्वचित एखाद्या माणसाचा रक्तगट आणि वीर्याचा गट वेगळा असू शकतो. रक्तावर विसंबू नका. आता गंमत पाहा. दोन्ही खुणा एकाच जनुकावरून ठरतात, त्यामुळे असा विरोधाभासी माणूस असतो हे बाहेरच्या बहुतेक तज्ज्ञांना आजही मान्य नाही, त्यांच्या मते चूक प्रयोगशाळेचीच होती. पण 'आमचा अहवाल चुकला' हे लिहिण्यापेक्षा 'निसर्गात अपवाद असतो' हे लिहिणं सोपं. कोड दुरुस्त करायच्या ऐवजी एक्सेप्शन हँडल केलं. परिणाम मात्र चांगला झाला, चाळणी सैल झाली. पण जुनी कार्डं परत काढून पाहायला कुणी बसलं नाही.

१९९० साल उजाडलं तेव्हा खून भराभर होऊ लागले होते. ऑक्टोबरच्या शेवटी बुराकोवनं सापळा लावला. मोठ्या सगळ्या स्टेशनांवर गणवेशातले पोलीस उघडपणे उभे केले, एकूण ३६० माणसं. मुद्दाम दिसतील असे. आणि झाडीतल्या तीन छोट्या स्टेशनांवर फक्त साध्या वेशातले. हेतू हा की खुन्यानं मोठी स्टेशनं टाळावीत आणि या तिघांपैकी एकाकडे वळावं. सगळ्या बारा वर्षांतली मला सर्वांत आवडलेली कल्पना ही. आणि तो वळला. ६ नोव्हेंबरला दोनलेसखोज स्टेशनावर इगोर रिबाकोव या सार्जंटनं झाडीतून आलेला एक माणूस पाहिला. कोटाला गवत-माती, गालावर लाल डाग, बोटाला पट्टी. नळापाशी हात धुत होता. त्या दिवसांत लोक तिथे अळंबी गोळा करायला येतात, पण याचा पोशाख अळंबीवाल्याचा नव्हता. रिबाकोवनं कागदपत्रं पाहिली, अटक करायला कारण नव्हतं म्हणून सोडलं. पण नाव लिहून ठेवलं.

आठवड्याभरानं त्या झाडीत मृतदेह सापडला. त्या दिवसांत तिथे कोण कोण होतं याचे रिपोर्ट चाळले, त्यात हे नाव आलं, आणि हे नाव आधी कुठेतरी पाहिलंय असं लक्षात आलं. १९८४ चं कार्ड निघालं. नोकऱ्यांच्या फिरतीच्या तारखा आणि खुनांच्या तारखा समोरासमोर ठेवल्या. हे काम कुणीही सहा वर्षं आधी करू शकलं असतं.

२० नोव्हेंबर १९९० ला नोवोचेर्कास्क गावात चिकातिलोला अटक झाली. कायद्यानं आरोपाशिवाय दहा दिवस ठेवता येत होतं. कोस्तोयेवनं बहुतेक दिवस चौकशीत घालवले, तो बोलेना. शेवटी बुखानोवस्कींना बोलावलं. त्यांनी आपलं जुनं टिपण काढलं आणि त्यातले उतारे त्याला वाचून दाखवले. दोन तासांत माणूस रडायला लागला आणि बोलायला लागला. पोलिसांच्या यादीत होते छत्तीस खून. तो मोजत गेला तसे त्यांना माहीत नसलेले खून निघत गेले, तो जागा दाखवत गेला आणि तिथे हाडं मिळत गेली.

खटला एप्रिल १९९२ मध्ये रोस्तोवला सुरू झाला. तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता. कोर्टात त्याला लोखंडी पिंजऱ्यात बसवत, मुख्यतः मेलेल्या मुलांच्या आईबापांपासून त्याला वाचवायला. ऑक्टोबरमध्ये मृत्युदंड झाला आणि १४ फेब्रुवारी १९९४ ला अंमलात आला.

कबुलीजबाबात एक खून असा होता ज्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. यादीत नव्हता, कारण फाईल कधीच बंद झाली होती. त्यानं सुरुवात तिथूनच केली. शाख्ती, २२ डिसेंबर १९७८. ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी काहींना ती केस आठवत होती, आणि तिच्यात कुणाला गोळी घातली तेही आठवत होतं. क्रावचेंकोची शिक्षा नंतर रद्द करण्यात आली.